पतंग, भुर्जी आणि आईला पत्र

मुलांनो, आज आपल्या शब्दांच्या पिशवीतून जे शब्द निघणार आहेत ते फार लांबचे आहेत. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीचे, आणि तेही साता समुद्रापलीकडचे. पण त्यांच्याकडे जायची वाट आपल्या वर्गातूनच जाते. म्हणून आधी वर्गातली गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. मधल्या सुट्टीत सगळी मुलं गोल करून डबे उघडायची. एक मुलगा मात्र हात धुऊन यायचा आणि नुसताच मांडी घालून बसायचा.

‘‘काय रे, डबा कुठंय तुझा?’’ मी विचारलं.

‘‘बाई, आमचा डबा रजेवर गेलाय!’’

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. मुलांनी आपापल्या डब्यातलं चतकोर-चतकोर त्याला दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘‘बाई, त्यानं रजा वाढवून घेतलीय.’’ पुन्हा हशा. तिसऱ्या दिवशी, ‘‘बाई, आता तो बिनपगारी रजेवर आहे.’’ काय हजरजबाबी पोरगं आहे, असं मी शिक्षकांच्या खोलीत कौतुकानं सांगितलंसुद्धा.

आठव्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. तेव्हा कळलं, की त्याची आई इस्पितळात आहे. वडील रात्री तिच्याजवळ बसतात आणि सकाळी तिथूनच कामावर जातात. आजीला डोळ्यांनी धड दिसत नाही. डबा करणार कोण?

आठ दिवस तो मला सांगत होता, आणि आठ दिवस मी हसत होते. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

‘रजेवर गेलाय’ हा शब्द मी विसरले नाही. पुढे एकदा दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या बोलीबद्दल वाचत होते, तेव्हा हाच शब्द वेगळ्या कपड्यांत भेटला. तीच आजची गोष्ट.

दुसरं महायुद्ध १९३९ ते १९४५ असं सहा वर्षं चाललं. ब्रिटनच्या हवाई दलाचं नाव रॉयल एअर फोर्स. त्यात विमानं उडवणारी, त्यातून बॉम्ब टाकणारी, बंदुका चालवणारी बरीचशी मुलं एकोणीस, वीस, बावीस वर्षांची होती. म्हणजे कॉलेजात जाणारा तुमचा दादा असतो ना, तेवढी. वीस वर्षांची मुलं एकत्र राहू लागली की काय होतं? त्यांची स्वतःची बोली तयार होते. तुमच्या वर्गात नाही का? तुम्ही तास बुडवत नाही, ‘दांडी मारता’. पेपर अवघड जात नाही, ‘वाट लागते’. तसंच त्यांचं.

विमानाला ती मुलं म्हणत ‘काईट’, म्हणजे पतंग. हजारो किलो वजनाचं, गुरगुरणारं यंत्र, आणि नाव काय तर पतंग! एखादी गोष्ट झकास झाली की ‘विझर्ड!’ विझर्ड म्हणजे जादूगार. काम अगदी सोपं असेल तर ‘पीस ऑफ केक’, म्हणजे केकचा तुकडा. आपण म्हणतो ना, ‘डाव्या हाताचा मळ’, तसं. कंटाळा आला की ‘ब्राउन्ड ऑफ’. ब्राउन म्हणजे तपकिरी, भाजून भाजून तपकिरी झालेला. तुम्ही म्हणता ना, ‘‘पकलो यार’’? तुम्ही पकता, ते करपायचे. एवढाच फरक!

नवीन भरती झालेलं पोरगं म्हणजे ‘स्प्रॉग’. जमिनीवर राहून विमानाची देखभाल करणारे, तेलानं हात काळे झालेले साधे शिपाई म्हणजे ‘एर्क’. जे अधिकारी हवाई दलात असूनही कधी उडत नसत ते ‘पेंग्विन’, कारण पेंग्विन पक्षी असूनही त्याला उडता येत नाही. मोठ्या साहेबांच्या टोपीच्या पुढच्या पट्टीवर सोनेरी जरीकाम असायचं. त्याला नाव होतं ‘स्क्रॅम्बल्ड एग’. म्हणजे आपली अंड्याची भुर्जी! समोरून कडक साहेब येतोय, सगळे ताठ उभे राहून सलाम ठोकतायत, आणि मनात म्हणतायत, ‘आली भुर्जी.’

बढाया मारण्याला ते ‘शूटिंग अ लाइन’ म्हणत. आपण ‘फेकाफेकी’ म्हणतो तेच. गंमत म्हणजे काही तुकड्यांत एक खास वही ठेवलेली असे. कुणी फारच फेकली की त्याचं ते वाक्य लगेच त्या वहीत टिपून ठेवायचं. अशी वही तुमच्या वर्गात ठेवली, तर किती दिवसांत भरेल?

आता एक मजेदार गोष्ट ऐका. या गोऱ्या मुलांच्या तोंडी आपलेही शब्द होते.

बातमीला, माहितीला ते ‘जेन’ म्हणत. खोटी, फसवी माहिती असेल तर ‘डफ जेन’. आणि अगदी खात्रीची असेल तर? ‘पक्का जेन’! होय, आपला ‘पक्का’. पक्का रस्ता, पक्का रंग, पक्का मित्र, यातलाच. याशिवाय ‘जरा बघू तरी’ या अर्थी ‘देको’, हा हिंदीतल्या ‘देखो’पासून. ‘चिट’ आली चिठ्ठीपासून. फुकट मिळालेली वस्तू ‘बकशी’, म्हणजे आपलं बक्षीस. आणि चहा म्हणजे ‘चार’.

हे शब्द तिकडे पोचले कसे? ब्रिटिश फौज कितीतरी पिढ्या हिंदुस्थानात होती. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या हवाई दलाच्या तुकड्याही इथं असत. शिपाई मायदेशी परतले, की त्यांच्या पेटीतून वस्तू जात आणि तोंडातून शब्द. जुन्यांचे शब्द नवे उचलत. ज्या मुलानं हिंदुस्थान नकाशाबाहेर कधी पाहिला नव्हता, तोही मग ‘पक्का जेन’ म्हणू लागे.

आणि एका शब्दाचं गाव तर आपल्या नाशिकजवळच आहे. मुंबईहून नाशिकला रेल्वेनं जाताना नाशिकरोडच्या अलीकडे देवळाली लागतं. तिथं ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथं थांबत. बोटी वर्षाच्या ठरावीक महिन्यांतच सुटायच्या. त्यामुळे कुणाकुणाला तिथं महिनेच्या महिने काढावे लागत. काम नाही, ऊन मी म्हणतंय, आणि घरची ओढ. काही जणांचं डोकं ठिकाणावर राहीना. अशा माणसाला ‘डूलाली टॅप’ झाला, असं म्हणायची पद्धत पडली. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे ताप! पुढे ‘ताप’ गळून गेला, ‘डूलाली’ तेवढा उरला. आजही इंग्रजी शब्दकोशात तो ‘डोकं फिरलेला’ या अर्थानं सापडतो. देवळालीच्या मुलांनो, रागावू नका बरं! पण त्या हसऱ्या शब्दाच्या आत काय आहे ते पाहा. घरी जायला न मिळालेल्या माणसाचं दुःख आहे.

त्या युद्धातल्या आकाशात आपली माणसंही होती. १९४० च्या ऑक्टोबरात चोवीस भारतीय वैमानिक ब्रिटनला गेले. त्यांतले महिंदरसिंग पुज्जी तर पगडी बांधूनच विमान उडवत. इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंड या गावात २०१४ साली त्यांचा पुतळा उभारला गेला.

इथपर्यंत गंमत झाली. आता पिशवीत तळाशी जे शब्द आहेत ते काढू या.

समुद्राला हे वैमानिक ‘ड्रिंक’ म्हणत. ड्रिंक म्हणजे पेय. ‘‘तो ड्रिंकमध्ये पडला’’ म्हणजे विमानासकट समुद्रात कोसळला. पाण्यात तरंगण्यासाठी फुगवायचं एक जाकीट असे. ते घातलं की छाती चांगलीच फुगलेली दिसे, म्हणून एका धष्टपुष्ट अमेरिकी नटीच्या नावावरून ते झालं ‘मे वेस्ट’. विमान आपटलं तर ‘प्रँग’. मरता मरता वाचलो तर ‘शेकी डू’, म्हणजे जरासा डळमळीत कारभार. विमानातून समुद्रात सुरुंग पेरून यायचं काम असे, त्याला नाव ‘गार्डनिंग’, म्हणजे बागकाम. ते सुरुंग म्हणजे ‘भाज्या’.

बॉम्ब टाकणाऱ्या मोठ्या विमानाच्या अगदी शेपटीत काचेच्या एका खोक्यात एक बंदूकवाला बसे. बाकीचे साथीदार पुढे, हा एकटा मागे. रात्रभर बोटं गोठवणारी थंडी आणि समोर काळोख. शत्रूचं विमान बहुतेक वेळा मागूनच यायचं. त्याला लाडानं म्हणत ‘टेल-एंड चार्ली’, शेपटीतला चार्ली.

यंत्रात काही बिघडलं आणि कारण सापडेना, की म्हणायचं, ‘ग्रेमलिन’नं केलं. ग्रेमलिन म्हणजे विमानात लपून खोड्या काढणारा छोटासा भुताटकीचा बुटका.

आणि एखादा मित्र परत आलाच नाही तर? सकाळी जेवणघरात त्याची खुर्ची रिकामी असे. कुणी विचारलं, ‘‘तो कुठाय?’’ तर उत्तर मिळे, ‘‘गॉन फॉर अ बर्टन.’’ म्हणजे ‘बर्टनला गेलाय’. बर्टन हे इंग्लंडमधलं बिअरसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तो बिअर प्यायला गेलाय, असा या बोलण्याचा अर्थ सांगतात. काही जण म्हणतात, बर्टन नावाच्या शिंप्याच्या दुकानांवरून हा शब्द आला, तो नवा सूट आणायला गेलाय. काहीही असो. कुठंतरी जरा बाहेर गेलाय, येईल, असा सूर.

आठवला का तुम्हाला आमचा डबा? रजेवर गेलेला?

अशी का बोलत असतील ही मुलं? एक आकडा सांगते. बॉम्ब टाकणाऱ्या विमानांचा त्यांचा जो विभाग होता, त्यात युद्धाच्या काळात सुमारे १,२५,००० जणांनी विमानातून काम केलं. त्यांपैकी ५५,५७३ जण मरण पावले. तुमच्या वर्गात पन्नास मुलं असतील, तर त्यांतल्या बावीस जागा रिकाम्या झाल्या, असं समजा. एकेकाला साधारण तीस फेऱ्या पुऱ्या कराव्या लागत. आज रात्री परत आलात, तरी पुन्हा जायचंच आहे. अशा वेळी ‘माझा मित्र जळून मेला’ असं सरळ म्हटलं, तर पुढच्या रात्री विमानात पाय ठेवायची हिंमत होईल का? म्हणून तो ‘बर्टनला गेला’. शब्द हलका केला की ओझं उचलता येतं. ओझं काही कमी होत नाही, नुसतं उचलता येतं.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवणं बरं नाही. हलक्या शब्दांनी ही मुलं आपलं दुःख झाकत होती, तसंच आपल्या हातून काय घडतंय तेही झाकत होती. चार हजार पौंडांच्या, म्हणजे अठराशे किलोच्या एका बॉम्बला ती ‘कुकी’ म्हणत. कुकी म्हणजे बिस्किट. ते बिस्किट जिथं पडे, तिथंही घरं होती, आया होत्या, तुमच्याएवढी मुलं होती. १९४३ च्या जुलैअखेरीस जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरावर जे हल्ले झाले, त्यांत तीस हजारांवर माणसं मेली. बिस्किट म्हटल्यावर यातलं काहीच डोळ्यांपुढे येत नाही. शब्द असेही वापरता येतात. म्हणून कोणताही शब्द उचलताना त्याखाली काय आहे ते पाहावं.

आता पत्रांकडे वळू. तेव्हा घराशी बोलायचं म्हणजे पत्रच. आजच्यासारखा खिशातला फोन नव्हता. परदेशात असलेल्या शिपायांची पत्रं अधिकारी आधी वाचत. कुठं आहोत, किती विमानं आहेत, उद्या कुठं जायचंय, असं काही दिसलं की त्यावर काट मारत. १९४१ पासून ‘एअरग्राफ’ नावाची युक्ती निघाली. ठरावीक कागदावर पत्र लिहायचं, त्याचा छोट्याशा फिल्मवर फोटो काढायचा, ती हलकी फिल्म विमानानं धाडायची आणि तिकडे पुन्हा कागदावर छापून घरी पोचवायची. जागा जेमतेम एका पानाची. मग काय लिहायचं? खरं लिहायची बंदी, लांब लिहायला जागा नाही, आणि वाचणार कोण, तर आई.

अशा पत्राचा एक नमुना देते. हे कुणा खऱ्या वैमानिकाचं पत्र नाही हं. त्यांचे शब्द घेऊन मी तुमच्यासाठी रचलंय.

‘प्रिय आई, मी मजेत आहे. परवा जरा शेकी डू झाला, पण तसं पीस ऑफ केकच. काईटची प्रँग झाली आणि आम्ही थोडे ड्रिंकमध्ये भिजलो. मे वेस्टबाई सोबत होत्या, त्यामुळे काळजी नव्हती. आमचा चार्ली बर्टनला गेला. इथं सध्या थंडी आहे. चार मात्र गरम मिळतो. जमलं तर लोकरीचे मोजे पाठव.’

वाचायला किती मजेशीर वाटतं! आता हेच साध्या भाषेत वाचू. ‘परवा मी मरता मरता वाचलो. आमचं विमान समुद्रात कोसळलं. त्या जाकिटाच्या आधारानं आम्ही थंड पाण्यात तरंगत राहिलो. शेपटीतला आमचा साथीदार मेला. मला थंडी वाजतेय.’

मुलाला वाटतं, आईला काही कळलं नाही. आई पत्राची घडी घालते, कुणाला काही बोलत नाही, आणि मोजे विणायला घेते. तुम्हाला काय वाटतं, तिला कळलं नसेल?

पण सगळीच पत्रं अशी नव्हती. काही वैमानिक एक पत्र लिहून मागे ठेवून जात. ‘मी परत आलो नाही तरच हे आईला द्या’ असं. व्हिव्हियन रोझवॉर्न या तरुण वैमानिकानं असं पत्र ठेवलं होतं. १९४० च्या मे महिन्यात तो मोहिमेवरून परतला नाही. ते पत्र त्याच्या सामानात त्याच्या वरिष्ठांना सापडलं. आईच्या परवानगीनं, तिचं आणि त्याचं नाव न घालता, ते लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्रात १८ जून १९४० रोजी छापलं गेलं. हजारो लोकांनी त्याच्या प्रती मागवल्या. आपल्याला वाढवण्यासाठी आईनं किती कष्ट उपसले, ते आपण जाणतो, असं त्यात त्यानं सांगितलं होतं. त्या पत्रात प्रँग नाही, बर्टन नाही. शेवटचं बोलायचं होतं, तेव्हा त्यानं साधे शब्द घेतले.

आता तुमच्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ आणि ‘मटिल्डा’ लिहिणारे रोआल्ड डाल तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. ते लेखक होण्याआधी याच हवाई दलात वैमानिक होते.

रोआल्ड तीन वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. १९२५ साली, नऊ वर्षांचा असताना, त्याला आईनं वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं. तिथं दर रविवारी घरी पत्र लिहायचा तास असे. मुलं लिहीत असताना मुख्याध्यापक मागून फिरत आणि पत्रात डोकावत. मग कोण लिहिणार, की इथलं जेवण वाईट आहे, मास्तर मारतात, मला घरी यायचंय? सगळी मुलं लिहीत, ‘मी मजेत आहे.’ रोआल्डला तर घरची इतकी ओढ होती, की रात्री झोपताना घर ज्या दिशेला आहे तिकडे तोंड करून तो झोपायचा. पण पत्रात ते नाही. म्हणजे पत्रात हसायला तो नवव्या वर्षीच शिकला होता.

मोठेपणी तो आफ्रिकेत नोकरीला गेला. युद्ध सुरू झाल्यावर १९३९ च्या नोव्हेंबरात नैरोबीला हवाई दलात भरती झाला. त्याच्याबरोबर तिथं शिकणारे सोळा जण होते. पुढच्या दोन वर्षांत त्यांतले तेरा गेले. १९ सप्टेंबर १९४० ला, चोविसावा वाढदिवस होऊन सहाच दिवस झाले होते, तेव्हा त्याचं विमान इजिप्तच्या वाळवंटात आपटलं. कवटीला तडा गेला, नाक ठेचलं, कित्येक दिवस डोळ्यांना दिसत नव्हतं. तरी बरा झाल्यावर तो पुन्हा उडाला, ग्रीसमध्ये लढला. आणि १९४३ साली त्यानं मुलांसाठी पहिलं पुस्तक लिहिलं, ते कशावर? आपल्या त्या खोडकर ‘ग्रेमलिन’वर!

या सगळ्या काळात तो आईला पत्रं लिहीतच होता. शाळेतून लिहायला लागला तो १९४५ पर्यंत. सहाशेहून जास्त पत्रं. आईनं त्यांतलं एकही फेकलं नाही. हिरव्या फितीनं बांधून, गठ्ठे करून सगळी जपून ठेवली, आणि हे त्याला कधी सांगितलं नाही. तिच्या मृत्यूनंतर ते गठ्ठे त्याच्या हाती आले.

तिच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट डाल यांनी ‘बॉय’ या आठवणींच्या पुस्तकात सांगितलीय. ते स्वतः तेव्हा पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते. आपण जाणार, हे आईला कळलं होतं. तिनं मुद्दाम बिछान्याजवळ टेलिफोन बसवून घेतला आणि मुलाला फोन केला. कसा आहेस विचारलं, लवकर बरा हो म्हणाली. स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. वीस वर्षं मुलगा आईला ‘मी मजेत आहे’ म्हणून लिहीत होता. शेवटी आईनंही तेच केलं.

मुलांनो, थट्टेचे शब्द वाईट असतात, असं मी म्हणणार नाही. ते शब्द नसते, तर त्या मुलांना विमानात चढता आलं नसतं. तुम्हीही ते खुशाल वापरा. पण कुणी एकच विनोद रोज रोज करायला लागला, तर नुसतं हसून सोडून देऊ नका. त्याला बाजूला घेऊन हळूच विचारा. आणि तुमच्याकडे असं काही असेल, की ज्याचा तुम्ही विनोद करत आहात, तर निदान एका माणसाला ते साध्या शब्दांत सांगा. आईला, आजीला, ताईला, नाहीतर तुमच्या बाईंना.

पालकांनाही एक विनंती. ‘‘शाळा कशी झाली?’’ या प्रश्नावर ‘‘मस्त!’’ असं उत्तर रोजच मिळतं. कधी कधी त्या ‘मस्त’कडे नीट कान देऊन ऐकत जा. मी शिक्षिका असून आठ दिवस चुकले, म्हणून सांगते.

आमच्या त्या मुलाचं काय झालं? आजी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही शिक्षिकांनी पाळी लावून घेतली. रोज एकीच्या डब्यात दोन पोळ्या जास्त. त्यावर वर्गात कुणी काही बोललं नाही. तीन आठवड्यांनी एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यानं दप्तरातून डबा काढला. झाकण उघडलं, तर आत पोळी आणि गुळाचा खडा. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बाई, डबा कामावर रुजू झाला!’’

त्या दिवशी मात्र मी पोटभर हसले.

या आठवड्याचा उद्योग

१. हे वाक्य साध्या मराठीत लिहा : ‘स्प्रॉगनं डफ जेनवर विश्वास ठेवला आणि काईट ड्रिंकमध्ये प्रँग केलं.’

२. घरात जुनी पत्रं असतील तर मोठ्यांना विचारून त्यांतलं एक वाचा. ‘इकडील सर्व क्षेम’ या शब्दांमागे तेव्हा खरं काय चाललं होतं, ते आजीला नाहीतर आजोबांना विचारा. सांगतील तेवढं नीट ऐका.

३. तुमच्या घरात, आळीत किंवा शाळेत जड गोष्टीला हलकं नाव दिलेलं आहे का? असे तीन शब्द शोधून आपल्या शब्दांच्या पिशवीत टाका.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूच. तोवर मजेत राहा. आणि नसाल, तर तसं सांगा!

तुमची,
बाई